सोसायटीसमोरच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात. गतिरोधक मिळवण्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गेटसमोर बाग आहे, बागेच्या पलीकडे शाळा, आणि मुलांना रस्ता पार करून द्यायला रोज घरातल्या कुणाला तरी खाली उतरावं लागतं. नवी मुंबईत नेरुळमधल्या आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर हेच चालू होतं. मग एके संध्याकाळी भाजी घेऊन परतणाऱ्या शेजारच्या आजींना दुचाकीने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या वॉकरशिवाय चालल्या नाहीत. आठवडाभरात आम्ही सह्या गोळा करून गतिरोधक मागितला आणि तो मिळालाही. त्या अनुभवावरून सांगतो, नुसता गतिरोधक मागू नका.

आम्हाला मिळाला तो काळ्या-पिवळ्या रबरी तुकड्यांचा, बोल्टने बसवलेला. गाड्या त्याच्यापाशी कचकन ब्रेक मारायच्या आणि ओलांडला की पुन्हा सुटायच्या. दुचाकीवाले कडेच्या फटीतून काढायचे, म्हणजे नेमके जिथून माणसं चालतात तिथून. एका पावसाळ्यात दोन तुकडे निघाले, बोल्ट वर राहिले. मुळात आमची मागणीच चुकली होती. आजी कुठून ओलांडतात, त्यांना किती वेळ लागतो, त्यांना येणारी गाडी कुठून दिसते, यातलं काहीच आम्ही अर्जात लिहिलं नव्हतं.

आधी वेगाचं गणित बघा, कारण बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "चाळीस-पन्नास म्हणजे काही फार नाही." ताशी ३० किमीने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसलं आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किमीने येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहते, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० किमीची मर्यादा मागितली आहे, ती याच कारणासाठी. आणि ओल्या रस्त्यावर हे सगळे आकडे वाढतात.

आता काय मागायचं ते सांगतो. पहिलं, ओलांडायची जागाच उचलून फूटपाथच्या पातळीला आणायची. याला टेबलटॉप क्रॉसिंग म्हणतात. दोन्ही बाजूंना उतार, मधे सपाट भाग आणि त्यावर झेब्रा. माणूस फूटपाथवरून खाली न उतरता सरळ पलीकडे जातो, चढउतार गाडीच्या वाट्याला येतो. व्हीलचेअर, बाबागाडी, गुडघेदुखीची माणसं, सगळ्यांची सोय होते. एक गोष्ट मात्र आराखड्यावर आधीच लिहून घ्या: कडेने पावसाचं पाणी वाहायला जाळीखालून वाट ठेवायची. आपल्याकडच्या पावसात ती नसेल तर क्रॉसिंगच्या तोंडाशी तळं साचतं आणि लोक पुन्हा रस्त्याच्या मधून चालू लागतात.

दुसरं, रस्ता ओलांडायच्या जागी तो आवळायचा. आमचा रस्ता १२ मीटरचा, पण दोन्ही कडांचे दोन-दोन मीटर उभ्या गाड्यांनी भरलेले. म्हणजे वाहतूक चालते ती ८ मीटरमध्येच. मग तेवढ्या जागी फूटपाथ दोन-दोन मीटर पुढे आणला तर चालत्या वाहतुकीचं काहीच जात नाही. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना मात्र १५ सेकंदांऐवजी १० लागतात. शिवाय उभ्या टेम्पोमागून डोकं बाहेर काढून बघावं लागत नाही. लहान मुलांसाठी तर हेच सगळ्यात मोलाचं, कारण टेम्पोमागून मूल चालकाला दिसतच नाही. गल्लीच्या कोपऱ्यांचंही तसंच. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की गाडी वेग न सोडता वळते. ती लहान करून घ्या.

साधा गतिरोधकच करायचा ठरला तर तो मापात हवा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत १९८८ पासून माप दिलेलं आहे: गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, ताशी २५ किमीने आरामात ओलांडता येईल असा. हातभर रुंदीचा उंचवटा पाठीचे मणके हलवतो आणि रुग्णवाहिका अडवतो. तो करू देऊ नका.

अर्जाआधी मोजमाप करा, ते फार अवघड नाही. विजेचे दोन खांब बघून त्यांच्या आसपास ५० मीटरचं अंतर टेपने मोजा, खडूच्या दोन खुणा करा. गाडीला खुणेपासून खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाइलवर बघा आणि १८० ला त्या सेकंदांनी भागा. आलेला आकडा म्हणजे ताशी किलोमीटर. ६ सेकंद म्हणजे ३०, ४ सेकंद म्हणजे ४५. शाळा भरताना आणि रात्री दहानंतर, दोन्ही वेळा मोजा. दुसऱ्यांदा अर्ज करताना आम्ही शंभर गाड्या मोजल्या, सोबत अर्ध्या तासात ओलांडणारी माणसं मोजली, त्यात मुलं किती, म्हातारी किती ते वेगळं लिहिलं.

हे सगळं एका पानात बसवा: तक्ता, हाताने काढलेला नकाशा, दोन फोटो, खांबांचे क्रमांक. महापालिकेच्या विभाग कार्यालयात कार्यकारी अभियंत्याच्या नावे द्या, एक प्रत वाहतूक पोलिसांच्या शाखेला, आणि दोन्हीकडून तारखेची पोच घ्या. मुख्याध्यापकांचं पत्र जोडता आलं तर जरूर जोडा. रस्त्याचं डांबरीकरण किंवा काँक्रीटीकरण कधी आहे हेही विचारा. त्याच कामाच्या अंदाजपत्रकात क्रॉसिंग घालून घेणं सगळ्यात सोपं जातं. आमचं काम तसंच झालं, आणि तरी सव्वा वर्ष लागलं.

कायद्याचा आधार हवा असेल तर दोन गोष्टी अर्जात लिहा. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रावर चालकाने वेग कमी करून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८अ. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न झाल्याने कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धमकीच्या सुरात लिहू नका. अभियंत्यालाही वर फाइल पाठवताना ते कामी येतं.

विरोध सोसायटीतूनच होईल, पार्किंगवरून. आमच्याकडे चार गाड्यांची जागा गेली आणि त्यावर तीन बैठका झाल्या. भांडण्याऐवजी आम्ही त्या चौघांना सकाळी पावणेसातला क्रॉसिंगवर उभं राहायला बोलावलं. तिघे आले. दोघांनी नंतर अर्जावर सही केली.

तुमच्या रस्त्याची रुंदी किती, आणि त्यावरून बस जाते का, हे कळवा. बस जात असेल तर टेबलटॉपचे उतार लांब आणि सपाट भाग मोठा ठेवावा लागतो. त्याप्रमाणे नकाशा कसा काढायचा ते सांगतो.