किंमत ‘चुकवायची’ की ‘मोजायची’?

शरणपूरहून, म्हणजे नाशिकमधूनच, प्रश्न आलाय: ‘ख्रिस्ताचा शिष्य व्हायचं तर किंमत चुकवावी लागते’ हे बरोबर, की ‘मोजावी लागते’?

‘चुकवावी’ साफ चूक. हिंदीतलं ‘कीमत चुकाना’ उचलून आणलेलं आहे. मराठीत नजर चुकवतात, कर चुकवतात, म्हणजे टाळतात. उपदेशातून हे वाक्य आलं की ऐकणाऱ्याला अर्थ नेमका उलटा पोचतो. ‘हिशेब चुकता करणे’ चालतं ना, असं काही जाणकार सुनावतात. चालतं, पण ‘चुकता करणे’ वेगळं आणि ‘चुकवणे’ वेगळं. एकाच्या आडून दुसऱ्याला आत घेऊ नये.

‘मोजणे’ बरोबरच, पण हा उपदेश ज्यावरून येतो त्या बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १४:२८ या वचनाला तेही पुरत नाही. मराठीत किंमत मोजली म्हणजे देऊन झाली. तिथल्या येशूच्या दृष्टान्तातला बुरूज बांधणारा तर दमडी देण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘प्सेफिझो’, आणि ते आलंय ‘प्सेफोस’वरून. प्सेफोस म्हणजे खडा! फळ्यावर खडे मांडून हिशेब करत. लॅटिनमधला ‘काल्क्युलुस’ही खडाच, आपला कॅल्क्युलेटर त्यातूनच आला. पण अथेन्समध्ये न्यायनिवाड्याचं मतही खडा टाकूनच देत. निवडणुकांच्या अभ्यासाला सेफॉलॉजी म्हणतात ते त्यामुळे. प्रेषितांची कृत्ये २६:१० मध्ये पौल पवित्र जनांविरुद्ध, म्हणजे ख्रिस्ताच्या अनुयायांविरुद्ध, मत दिल्याचं सांगतो, तिथेही हाच ‘प्सेफोस’, आणि ते पुस्तकही लूकचंच.

भाष्यकार इथे नुसता जमाखर्च पाहतात. मला ते अजिबात मान्य नाही. लूकच्या कानात मताचा खडाही वाजत असणार. पुढच्याच दृष्टान्तात दहा हजारांचा राजा वीस हजारांसमोर उभं राहावं का याचा विचार करतो, त्या क्रियापदाचं नातं ‘बुले’शी, म्हणजे सल्लामसलतीशी आणि सभेशी. बेरीज झाली की कौल द्यायचाच.

आणि बेरजेतल्या रकमा खऱ्या असतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी, जलालपूर माहेर असलेल्या लक्ष्मीबाई, काही वर्षं त्यांच्यापासून दुरावल्या. आज अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की १९५० च्या आदेशानुसार तो दर्जा जातो. वारशाबाबत मात्र लोक गल्लत करतात. धर्म बदलला म्हणून स्वतःचा वारसा जात नाही, १८५० च्या कायद्यानेच तो राखला होता. पण धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं, वारसा खुला होताना हिंदू नसतील तर, हिंदू नातलगांच्या मिळकतीला मुकतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ पाहा. हे आधी मांडायचं.

म्हणून २८ व्या वचनासाठी ‘हिशेब मांडणे’ म्हणा, आणि प्रत्यक्ष सोसण्यासाठी ‘किंमत मोजणे’. ३३ व्या वचनात सर्वस्वाचा ‘त्याग’ वाचतो तिथे मूळ क्रियापद निरोप घेण्याचं आहे. लूक ९:६१ मधला माणूस घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणतो, तेच.