उभी पेटी की आडवी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथन जातीचा साप आहे, दीड वर्षाचा. दोन पेट्या बघून ठेवल्यात, एक १२० सेंमी लांब, ६० रुंद, ६० उंच. दुसरी उभी, तळ ६० बाय ६० आणि उंची १२०. दुकानदार म्हणतो जागा दोन्हीत सारखीच, उभी घ्या, कोपऱ्यात मावते आणि दिसतेही भारी. खरंय का?

उत्तर : दुकानदाराचं गणित बरोबर आहे, दोन्ही ४३२ लिटरच्याच. पण साप काय मासा आहे का लिटरवर हिशोब करायला? बॉल पायथनचा बहुतेक वेळ खाली, जमिनीवर जातो, आणि आडव्या पेटीचा तळ भरतो ७२०० चौरस सेंमी, उभीचा ३६००. म्हणजे सरळ निम्मा.

त्याहून मोठी भानगड उष्णतेची. साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, गरम जागेतून गार जागेत आणि परत असं सरकत राहून तो ते सांभाळतो. बॉल पायथनला एका टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश हवेत. १२० सेंमी लांबीत एका बाजूला लॅम्प लावला की हा फरक आपोआप पडतो. उभ्या पेटीत मात्र गरम हवा वर जाऊन बसते, वर भट्टी आणि खाली गारठा, आणि लपायची जागा तर खालीच असते, मग बिचाऱ्याला ऊब घ्यायची की लपायचं यातलं एकच निवडावं लागतं. हा प्राणी इतका लाजाळू की बहुतेकदा लपणंच निवडतो, आणि गार राहिला की पचन मंदावतं, खाणं सुटतं, आणि मालक विचारत बसतो की माझा साप खात का नाही. (या सदराला येणारे अर्धे प्रश्न हेच असतात हो!)

लांबीचं म्हणाल तर जुना नियम होता की पेटीची लांबी अधिक रुंदी ही सापाच्या लांबीएवढी असली की झालं. मला तो आता कंजूष वाटतो. साप नेहमी वेटोळं घालूनच पडलेला असतो हा गैरसमज आहे, जागा मिळाली तर तो सरळ लांब होतो, त्यामुळे पेटी निदान सापाएवढी लांब हवीच. तुमचा पूर्ण वाढला की १२०च्या आसपास जाईल, मादी असेल तर अजून थोडा जास्त. आणि ६० उंची फुकट जात नाही, एक आडवी जाड फांदी टाका, जंगलात हे साप झाडावरही चढतात, विशेषतः नर.

थोडक्यात आडवी घ्या. गरम बाजूला एक आणि गार बाजूला एक अशा लपायच्या दोन जागा ठेवा, आणि थर्मोस्टॅटशिवाय (म्हणजे तापमान ठराविक ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) हीटर चालू करू नका.

प्रश्न : मग ग्रीन ट्री पायथनला तरी उंच टॉवर चालेल ना? तो तर झाडावरचाच.

उत्तर : उंची हवी, टॉवर नको. तो फांदीवर वेटोळं टाकून तासन्‌तास बसतो, पण ती फांदी आडवी असते. अरुंद पेटीत आडव्या फांद्या आखूड होतात आणि सगळ्या एकाच लॅम्पखाली येतात, म्हणजे वर-खाली सोडून गरम-गार असा पर्यायच उरत नाही. ९० लांब, ६० रुंद, ६० ते ९० उंच अशी पेटी बघा, फांद्या वेगवेगळ्या उंचीवर बांधा आणि जाडी साधारण सापाच्या अंगाएवढी ठेवा. वरचं झाकण पूर्ण जाळीचं असेल तर दमटपणा उडून जातो, त्यातला बराचसा भाग झाकून टाका, पण हवा खेळती राहू द्या आणि लॅम्पखालची जाळी मोकळी सोडा.

प्रश्न : षटकोनी किंवा गोल काचेची टाकी कशी? हॉलमध्ये सुंदर दिसेल.

उत्तर : हॉलला शोभेल, सापाला नाही. गरम टोक आणि गार टोक ठेवायला आधी टोकं तर हवीत ना! शिवाय अशा टाक्या बहुतेक वरून उघडतात, आणि वरून येणारा हात सापाला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, तो दचकतो, कधी चावतोही. समोरून दार उघडणारी चौकोनी पेटीच बरी.

प्रश्न : सँड बोआ आणायचा विचार आहे. तो तर मातीतच असतो, मग छोटा डबा पुरेल?

उत्तर : छोटा नको, पण बुटका चालेल. या सापाला उंची जवळपास नकोच असते, त्याला हवी खोली, म्हणजे १० ते १५ सेंमी भुसभुशीत थर. केनियन सँड बोआची मादी ६०-७० सेंमीपर्यंत जाते, तेव्हा ९० बाय ४५चा तळ धरा. जड दगड किंवा पाण्याचं भांडं मातीवर नुसतं ठेवू नका, थेट पेटीच्या तळावर टेकवा, नाहीतर साप खालून उकरतो आणि ते त्याच्याच अंगावर बसतं. आणि हो, तुमच्याकडे हा साप पाळायला कायद्याने परवानगी आहे का ते पेटी घ्यायच्या आधी बघा.