“आणखी कुठे अर्ज केलाय?” या प्रश्नाला काय सांगायचं?

“शाळेत हमखास विचारतात, आणखी कुठे फॉर्म भरलाय? खरं सांगितलं तर प्रवेश हातचा जाईल का?” पहिलीच्या प्रवेशाआधी पालक हे विचारतातच.

एका जोडप्याने तीन शाळांत अर्ज केले होते. पहिल्या शाळेत बाबा ठामपणे म्हणाले, “फक्त इथेच.” आईने मात्र अर्जातल्या ‘इतर शाळा’ या रकान्यात दोन नावं लिहिली होती. त्यात लेक म्हणाली, “त्या दुसऱ्या शाळेतली घसरगुंडी मोठी होती.” उरलेला वेळ सारवासारवीत गेला आणि मुलीबद्दल बोलणं राहूनच गेलं.

तीन अर्ज असण्यात काहीच वावगं नव्हतं. पालक दोन-चार ठिकाणी प्रयत्न करतात हे शाळेला ठाऊक असतं. तिला अंदाज हवा असतो. समजा, साठ जागांसाठी साठच जणांना होकार कळवला आणि पंधरा जणांनी फी भरलीच नाही, तर जूनमध्ये बाकं रिकामी राहतात. खटकतं ते आई-बाबांच्या उत्तरांतलं अंतर.

पुढच्या शाळेत जाण्याआधी दोघांनी अर्जाची झेरॉक्स समोर ठेवून उत्तर ठरवलं: “हो, तीन शाळांत अर्ज आहेत. ही शाळा चालत दहा मिनिटांवर आहे आणि सकाळची आहे. आम्ही दोघं नोकरी करतो, दुपारी आजी घरी असते, म्हणून आम्हाला ही सोयीची.” एक वाक्य खरेपणाचं, मग कारण, आणि तेही त्याच शाळेला लागू पडणारं. “शाळा नावाजलेली आहे” हे कुठेही चालतं, म्हणून त्याला वजन नसतं.

“पहिली पसंती आमचीच ना?” असं विचारलं आणि मनात नक्की नसेल, तर “फी आणि बसचा मार्ग कळला की ठरवू” एवढं पुरे. नावं विचारली तर सांगावीत. दुसऱ्या शाळेची उणीदुणी मात्र काढू नयेत. मुलाला “हे बोलू नकोस” असं तर मुळीच पढवू नये, कारण दडपणाखाली ते नेमकं तेच बोलतं.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाआधीच्या या भेटीला ‘संवाद’ म्हणतात, पण प्रश्न तेच असतात.

खरी घाई पुढे होते: “आजच फी भरा, नाहीतर जागा जाईल.” दुसऱ्या शाळेचा निकाल यायचा असेल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: फीची शेवटची तारीख आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल. लेखी मिळत नसेल तर त्याच संध्याकाळी शाळेला ईमेल करून झालेलं बोलणं नोंदवा, आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.