वाडा कलावंतांना द्यायचाय

प्रश्न : ताई, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. भाऊ पुण्याला, शेती मी बघतो. मागचा सोपा पडलाय, पुढच्या तीन खोल्या धड आहेत. मुलगी म्हणते, चित्रकार-लेखकांना महिना-पंधरा दिवस राहून काम करायला देऊया, अमेरिकेत असं चालतं. दुरुस्तीला कर्ज काढू का? आणि भाडं किती घ्यावं?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दादा, कर्ज अजिबात काढू नका. मुलीचं मात्र मनावर घ्या.

ती म्हणते ते खरं आहे. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्जला यॅडो नावाची ४०० एकरांची इस्टेट आहे, स्पेन्सर आणि कॅट्रिना ट्रॅस्क या नवरा-बायकोची. त्यांची चारही मुलं लहानपणीच गेली. मागे वारस नाही, म्हणून १९०० साली त्यांनी ती कलावंतांसाठी ठेवायचं ठरवलं. पहिले पाहुणे आले १९२६ साली, तोवर दोघंही हयात नव्हते. राहण्याजेवणाचे पैसे तिथे घेत नाहीत. दिवसा कामाच्या वेळी कुणी कुणाच्या खोलीत डोकवायचं नाही, हा नियम. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मॅकडॉवेल या अशाच दुसऱ्या ठिकाणी तर दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवतात आणि माणूस निघून जातो. मला त्या टोपलीचं फार अप्रूप वाटतं.

का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका जुन्या वाड्यात बारा दिवस राहिले. माणसं मनाने मोठी, पाहुणचार भरपूर. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी चित्रात आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ जलरंगाचा हात, टाकला होता, कागद ओलाच होता. तेवढ्यात हाक आली, 'पाव्हणे आलेत, चहाला या.' नाही म्हणवेना. परत आले तर रंग जिथे थांबला होता तिथे काळपट रेघ धरून वाळला होता. ती रेघ पुसता येत नाही. पुढे रोजच कुणीतरी यायचं, कुणाला पोर्ट्रेट हवं असायचं. बारा दिवसांत एक चित्र पुरं झालं नाही.

म्हणून तुमच्याकडे तीन खोल्या असल्या तरी एकच द्या, उत्तरेकडून उजेड येणारी. मोठं टेबल, पाण्याची बादली, स्वच्छ संडास-न्हाणी, बस्स. तुमच्याकडच्या पावसात बोलावू नका. कागद सर्दावतो, रंग वाळत नाही, कौलं कुठे गळतील सांगता येत नाही. दिवाळी झाल्यावर एकालाच पंधरा दिवस बोलवा. पहिल्या वर्षी भाडं नको. भात-आमटी, भाकरी घरात शिजतेच, त्यात एक ताट जास्त. खानापूरला माती चांगली, कुंभारकाम जुनं. मातीत काम करणारा आला तर त्याला तुमच्या गावातच गुरू भेटेल.

आपल्या बाजूला असं झालंच नाही असं नाही. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जा. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवतात. एकदा मुलीला घेऊन बघून या.

घरच्यांना आधी सांगून ठेवा, डबा दाराशी ठेवायचा, हाक मारायची नाही. आणि त्या खोलीची कडी आतून नीट लागते ना, तेवढं आजच बघा.