घर तारण ठेवून स्कॉटलंडला?

प्रश्न : आदरणीय वकीलताई, सप्रेम नमस्कार. मी सोलापुरातच एलएल.बी. केलं. सनद मिळून तीन वर्षं झाली. जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर आहे. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, तारखा घ्यायच्या, संध्याकाळी ऑफिसात ड्राफ्टिंग, घरी यायला साडेनऊ. हातात महिना चार हजार, तेही दर महिन्याला नाही. एक एजंट म्हणतो, एडिनबरा किंवा ग्लासगोला वर्षाचं एलएल.एम. (कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण) केलं की तिथं सॉलिसिटर, म्हणजे तिथला वकील, होता येतं. खर्च तीस लाखांच्या पुढं. बाबांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे, ते घर तारण ठेवायला तयार आहेत. टॉर्टमधली (नुकसानभरपाईच्या कायद्यातली) बाटलीतल्या गोगलगायीची केस शिकल्यापासून मला स्कॉटलंडची ओढ आहे. काय करू?
— एक ज्युनिअर, अशोक चौक

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी घराचं बोलते, कारण ते जायला नको.

एजंट चुकीचं सांगतोय. एलएल.एम. केल्यानं स्कॉटलंडमध्ये कुणी सॉलिसिटर होत नाही. १७०७ साली इंग्लंडशी एकत्र येतानाही स्कॉटलंडनं आपला कायदा आणि आपली न्यायालयं वेगळीच ठेवली. त्यामुळं इंग्लंडची सॉलिसिटर होण्याची एसक्यूई परीक्षा देऊनही तिथली सनद मिळत नाही. तिथला नेहमीचा रस्ता म्हणजे स्कॉट्स कायद्याची एलएल.बी., मग प्रोफेशनल लीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा, मग दोन वर्षं एखाद्या फर्ममध्ये ट्रेनी. तुझ्याकडं भारतातली सनद आहे, तेव्हा परदेशी वकिलांसाठीचा मार्ग तुला कितपत लागू होतो हे लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंडला ईमेल करून विचार आणि उत्तर लेखी घे. तिथं सनद तीच संस्था देते.

दुसरी अडचण व्हिसाची. जुलै २०२५ पासून नोकरीसाठीच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पाउंड पगार लागतो, नवख्यांना सवलतीत ३३,४००. लॉ सोसायटी ट्रेनींसाठी जो किमान पगार सुचवते, तो या सवलतीच्या आकड्याच्याही खाली आहे. मोठ्या कॉर्पोरेट फर्म जास्त देतात, पण तिथल्या मोजक्या जागांवर तिथल्याच पोरांच्या उड्या पडतात. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसाही जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार. कर्जाचे हप्ते तेवढ्यात फिटत नाहीत गं.

आता गोगलगायीकडे येते, कारण तुझा जीव तिथं अडकलाय. निकाल आपण सगळ्यांनी पाठ केला, पण त्या बाईकडं नीट बघितलं का? ऑगस्ट १९२८, ग्लासगोजवळचं पेस्ली गाव. मे डोनोह्यू नावाची बाई हॉटेलात बसलेली, जिंजर बिअरचे (आल्याच्या शीतपेयाचे) पैसे मैत्रिणीनं दिलेले. बाटलीतून गोगलगाय निघाली, ती आजारी पडली आणि तिनं पेय बनवणाऱ्यावर दावा लावला. पुढं हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत दावा नेताना तिनं शपथेवर लिहून दिलं, की साऱ्या जगात माझ्याकडं पाच पाउंडांचीही मालमत्ता नाही. तिचं वकीलपत्र घेतलं वॉल्टर लीचमन या सॉलिसिटरनं. जिंजर बिअरमध्ये उंदीर निघाल्याची तशीच केस ते नुकतेच हरले होते, तरीही घेतलं. १९३२ साली तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती जिंकली. लीचमन उभे राहिले नसते, तर आपल्या पुस्तकात तो धडा आला नसता.

आज त्याच देशात गरिबांची कामं करणारे वकील कमी होत चाललेत. सरकारी लीगल एडची (गरिबांच्या वकिलाचा खर्च सरकारनं देण्याच्या योजनेची) फी वर्षानुवर्षं इतकी कमी राहिली, की २०२२ साली फौजदारी वकिलांनी घरगुती छळाच्या काही खटल्यांत आरोपींचं काम घेणंच थांबवलं. आरोपींची बाजू मांडणारे तरुण वकील बऱ्या पगारासाठी सरकारी वकिलांच्या कार्यालयात जातात. खेड्यांत, बेटांवर तर लीगल एडचा वकील शोधत फिरावं लागतं. फर्ममध्ये गेलीस तर तिथं दर सहा मिनिटांचा हिशेब लिहावा लागतो. दमणूक तिथंही आहे, फक्त थंडी जास्त.

मी ज्युनिअर होते तेव्हा पहिली दोन वर्षं मला एक रुपया मिळाला नाही. ज्यांच्याकडं होते त्यांच्याविषयी त्या बाबतीत माझ्या मनात आजही राग आहे. ‘शिकायला मिळतंय ना?’ हे वाक्य मी माझ्या एकाही ज्युनिअरला ऐकवलेलं नाही. तरी टिकले, ते एका विडी कामगार बाईमुळं. मालक म्हणे, ही आमच्याकडं कधी कामालाच नव्हती. तिनं पिशवीतून वही काढली. रोजच्या विड्यांचा आकडा, कापून घेतलेल्या विड्यांचा आकडा, सगळं मोडक्या तेलुगू अक्षरांत. पानांना तंबाखूचा वास. ती वही मी तीन रात्री बसून मराठीत उतरवली. माझ्या हातचा तो पहिला पुरावा.

म्हणून तुला सांगते, वकिली सोडू नकोस, पण फुकटही करू नकोस. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं सुचवलंय. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तरी परिपत्रकाची प्रत घेऊन सरांसमोर बस आणि ठरावीक रक्कम, ठरावीक तारीख माग. नाही म्हणाले तर ऑफिस बदल. त्यात कृतघ्नपणा नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्याच्या हद्दीत आहे. अपिलांचं चांगलं ड्राफ्टिंग करणारी माणसं आपल्याकडं हवीच आहेत.

स्कॉटलंडला जायचंच असेल तर पूर्ण शिष्यवृत्तीवर जा, अभ्यासासाठी जा, मी शिफारसपत्र देईन. तोवर एजंटाच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. तो कागद आधी मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठव, आणि घराचं खरेदीखत बाबांच्या कपाटातच राहू दे.