दोनच हेडर आणि सहा पंखे: स्प्लिटर लावला तर मदरबोर्ड जळेल का?

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसोबत आलेले तीन पंखे आहेत (तीन पिनचे, प्रत्येकी ०.१५ अँपिअर), आणखी तीन नवे घेतलेत (चार पिनचे, प्रत्येकी ०.२५ अँपिअर), आणि बोर्डवर सिस-फॅनचे हेडर (कॅबिनेटच्या पंख्यांची वायर लावायच्या पिनांच्या जागा) फक्त दोन. दुकानदार म्हणतो, बिनधास्त स्प्लिटर (एका हेडरवर अनेक पंखे जोडणारी वायर) लावा. मित्र म्हणतो, बोर्ड जाईल. खरं तर उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, कारण तुम्ही पंख्यावरचं स्टिकर वाचलंय. बरेच जण ते बघतच नाहीत.

बोर्डवरचा साधा फॅन हेडर बहुतेक वेळा १ अँपिअरचा असतो, म्हणजे १२ व्होल्टवर १२ वॅट. पाण्यावर चालणाऱ्या सीपीयू-कूलरच्या पंपासाठी दिलेला हेडर २ किंवा ३ अँपिअरचाही असतो. तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल उघडून आकडा एकदा बघाच. आता बेरीज करा. सहाही पंखे एकाच हेडरवर टाकले तर ०.४५ अधिक ०.७५, म्हणजे १.२ अँपिअर. हे चालणार नाही. पण तीन-तीन वाटून दिले तर दोन्ही हेडर मर्यादेत राहतात. पंखा थांबलेल्या अवस्थेतून सुटताना क्षणभर जास्त करंट ओढतो, म्हणून बेरीज पाऊण अँपिअरच्या पुढे जाऊ द्यायची नाही, असा माझा नियम आहे.

हा नियम मी नुकसान सोसून शिकलो. भाच्याच्या मशीनमध्ये ०.३२ अँपिअरचे चार पंखे मी एकाच हेडरवर जोडले होते. दिवाळीत जोडले, हिवाळाभर छान चालले. मे महिन्यात एका दुपारी चारही एकदम थांबले. ना वास, ना धूर. पंखे दुसऱ्या हेडरवर लावले तर फिरत होते, हा हेडर मात्र कायमचा गेला. बाकीचा बोर्ड वाचला, पण दर वेळी असं होईलच याची खात्री नाही.

आता वाटणी कशी करायची? पंखे पुढे-मागे कुठेही बसवा, पण जोडताना तीन पिनवाले एका हेडरवर आणि चार पिनवाले दुसऱ्यावर ठेवा. तीन पिनच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. चार पिनच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेग चौथ्या तारेतल्या पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या) सिग्नलवर ठरतो. दोन्ही मिसळून हेडर पीडब्ल्यूएमवर ठेवलात तर जुने तीन पंखे सतत पूर्ण वेगाने घोंघावत राहतील. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पहिला हेडर डीसीवर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलण्यावर, आणि दुसरा पीडब्ल्यूएमवर ठेवा.

स्प्लिटर हातात आला की नीट बघा. चांगल्या स्प्लिटरच्या एकाच तोंडात सगळ्या पिना असतात, बाकीच्या तोंडांत एक पिन गायब असते. माल खराब समजून तो परत करू नका. ती पिन वेग कळवणाऱ्या तारेची असते आणि मुद्दाम काढलेली असते, कारण तीन पंख्यांचे सिग्नल एकत्र आले तर बोर्डाला भलताच आकडा दिसतो. स्प्लिटरला स्प्लिटर जोडायचा मोह मात्र टाळा.

पुढे आणखी पंखे वाढवणार असाल तर सरळ साटा पॉवरवाला (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरवर चालणारा) हब, म्हणजे अनेक पंखे जोडायची छोटी पेटी घ्या. त्यात वीज एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येते, बोर्डाकडून फक्त सिग्नल जातो, त्यामुळे हेडरवर भार जवळजवळ राहत नाही. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टसाठी ४.५ अँपिअरची सोय असते, तुमच्या पंख्यांना ती भरपूर झाली. तीन पिनचे पंखे अशा हबवर बहुधा पूर्ण वेगानेच फिरतील, हे ध्यानात ठेवा. साटाची वायर मोकळी नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या वीजजोडणीवरून) साटा करणारे ते ओतीव प्लास्टिकचे स्वस्त अडॅप्टर कृपा करून घेऊ नका. त्यांच्या आत तारा एकमेकींना चिकटून पेट घेतल्याचे प्रकार झालेले आहेत.

नव्या पंख्यांना दिव्यांची वेगळी वायर असेल तर तीही तपासा. ५ व्होल्टची तीन पिनची एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलणारी) आणि १२ व्होल्टची चार पिनची आरजीबी (सगळ्या दिव्यांचा रंग एकच ठेवणारी) या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चुकीच्या जागी रेटून बसवली तर दिवे जातात.

सीपीयू-फॅनचा हेडर प्रोसेसरच्या कूलरसाठीच राहू द्या. जोडणी करताना मशीन बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करा. पहिल्यांदा अर्धा तास चालवल्यावर पुन्हा बंद करून स्प्लिटरच्या कनेक्टरला बोट लावून पाहा. तो गरम लागला तर जोडणी सैल आहे किंवा वायर हलकी आहे, बदलून टाका. आणि स्प्लिटरवरच्या तिघांपैकी एकाचाच वेग बायोसमध्ये दिसतो. बाकी दोघांपैकी एखादा धुळीने अडकला तरी बोर्डाला पत्ता लागणार नाही, म्हणून महिन्यातून एकदा कॅबिनेटच्या काचेतून सहाही पंखे फिरताहेत ना, हे डोळ्यांनी बघत जा.