राखेच्या कणांचे आकार मोजणे: यात करिअर आहे का?

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते आहे, सेमिनारसाठी तिने १९५४ च्या बिकिनी अणुचाचणीतील राखेचा विषय घेतला, आणि तेव्हापासून 'मला हे कण मोजण्याचेच काम करायचे आहे' असे ती म्हणते, असे आपण लिहिले आहे. चाचण्या थांबल्यावर या कामाला नोकरी कोण देणार आणि त्यात जिवाला धोका तर नाही ना, हे आपले दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्याआधी मुलीला या विषयात काय दिसले असावे, ते थोडे सांगतो.

१ मार्च १९५४ रोजी मार्शल बेटांतील बिकिनी येथे अमेरिकेने केलेला 'कॅसल ब्राव्हो' स्फोट अपेक्षेच्या सुमारे अडीच पट, म्हणजे १५ मेगाटन (दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाइतक्या) शक्तीचा निघाला. प्रवाळाच्या खडकाचा चुरा आगीच्या गोळ्यात खेचला गेला आणि काही तासांत एका जपानी मासेमारी नौकेवर पांढरी भुकटी, म्हणजे हीच राख, पडू लागली. ती काय आहे हे ठाऊक नसल्याने खलाशांनी ती उघड्या हातांनी झाडली. नौकेवरच्या २३ही जणांना किरणोत्साराची बाधा झाली आणि रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा यांचे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निधन झाले. भुकटी इतक्या लवकर पडली, कारण तिचे कण मोठे होते. वाळूइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण १० किलोमीटर उंचीवरून साधारण पाच-सहा तासांत खाली येतो, तर १० मायक्रॉनच्या कणाला, पावसाने धुऊन आणला नाही तर, तेवढेच अंतर उतरायला दोन आठवडे लागतात. त्याहून बारीक कण पृथ्वीप्रदक्षिणा करतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. कणाचा आकार कळला, की किरणोत्सर्ग कोणाच्या वाट्याला आणि कधी आला, हेही बरेचसे कळते.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला खरी गोडी लागते ती याच्या पुढे. झिर्कोनियमसारखी मूलद्रव्ये आगीचा गोळा निवताना लवकर घनरूप होतात आणि वितळलेल्या थेंबाच्या आत मिसळून जातात. सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे पूर्वज, म्हणजे ज्यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून ही बनतात ती मूलद्रव्ये, मात्र झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू असल्याने ही दोन्ही उशिरा तयार होतात आणि एव्हाना घट्ट झालेल्या कणांच्या पृष्ठभागावर बसतात. व्यास दहापट झाला तर पृष्ठभाग शंभरपट होतो आणि आकारमान, म्हणून वजनही, हजारपट. त्यामुळे नमुना बारीक-जाड चाळण्यांतून गाळून, प्रत्येक चाळणीवर उरलेला भाग वेगळा तोलून, त्याची किरणोत्सारिता गॅमा वर्णपटमापीवर मोजली, तर एखादे मूलद्रव्य कणाच्या आत आहे की वर, हे ओळखता येते. दर ग्रॅमची किरणोत्सारिता सगळ्या चाळण्यांवर सारखी आली तर ते आत आहे. कण बारीक होत जाताना ती वाढत गेली तर ते वर बसले आहे. साधी चाळणी आणि तराजू एवढे सांगून जातात, याचे मला आजही नवल वाटते.

आता नोकरीविषयी. 'अणुचाचणीतील कण मोजणारी' अशी जाहिरात निघत नाही आणि निघणारही नाही. वातावरणातील चाचण्यांवर १९६३ च्या मॉस्को कराराने बहुतांशी पडदा पडला. पण अणुभट्टीच्या धुराड्यातील गाळण्या तपासणे, चेर्नोबिल आणि फुकुशिमा येथील अपघातांतून बाहेर पडलेल्या कणांचा अभ्यास करणे, किंवा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी पुसून आणलेल्या धुळीत युरेनियमचा एखादा कण शोधणे, या सगळ्यांना हेच कौशल्य लागते. शहरांतील हवेच्या प्रदूषणाचे मोजमापही याच शास्त्राचे भावंड आहे. तिने वैश्लेषिक किंवा भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावी आणि नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची निवडप्रक्रिया द्यावी. तिथे वर्षभराच्या प्रशिक्षणात विद्यावेतन मिळते आणि यशस्वी उमेदवारांना वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. स्पर्धा कडक आहे, त्यामुळे तेवढ्या एकाच दाराशी बसून राहू नये. हवेतील कणांवर संशोधन करायचे असेल, तर पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आपल्या जवळच आहे. दोन्हीकडे संख्याशास्त्र लागेल, आणि त्याकडे आपली रसायनशास्त्राची मुले पाठ फिरवतात, हे मला नेहमी खटकते.

धोक्याचे म्हणाल, तर उपकरणांचे अंशांकन (ती बरोबर मोजतात ना, हे ज्ञात आकारावरून तपासणे) बहुधा किरणोत्सारी नसलेल्या प्लॅस्टिकच्या गोल मण्यांवर केले जाते. किरणोत्सारी नमुना हाताळताना खरी भीती कण श्वासात जाण्याची असते, म्हणून ते काम बंद काचपेटीत, हातमोजे घालून होते. कर्मचाऱ्याच्या अंगावर किरणोत्साराची मात्रा मोजणारा बिल्ला असतो, आणि भारतात या मात्रेची पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्टच्या (हे मात्रेचे एकक) वर जाऊ द्यायची नाही असा नियम आहे.

निर्णयाची घाई नको. दिवाळीच्या सुट्टीत तिने काचपट्टीला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून ती दिवसभर गच्चीवर ठेवावी, मग महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तीनशे कणांचे व्यास मोजून लॉग आलेखावर (ज्याच्या अक्षावर प्रत्येक टप्पा दहापटीचा असतो) मांडावेत. दोनशेव्या कणापर्यंत कंटाळा आला, तर तसे मला मोकळेपणाने कळवा. तिच्यासाठी दुसरी वाट शोधायला अजून पुरेसा वेळ आहे.